धाकट्याच्या मापाची मेणबत्ती

राजाला पहिला मुलगा झाला तेव्हा किल्ल्यातल्या घंटा तीन दिवस वाजत होत्या. दुसरा झाला तेव्हा एकच दिवस वाजल्या, आणि त्याही दुपारीच थांबल्या. घंटा ओढणाऱ्याच्या मेव्हणीचं लग्न होतं. गुनोराला हे नेमकं आठवायचं, कारण घंटा थांबल्या त्याच घटकेला कुणीतरी तिच्या हातात लालबुंद, रडून रडून घसा बसलेलं एक गाठोडं दिलं होतं. "हा धाकटा," देणारी म्हणाली आणि लगबगीनं निघून गेली. नाव काय, ते गुनोराला दुसऱ्या दिवशी कळलं. आयमर.

तिची स्वतःची मुलगी पंधरा दिवसांची होऊन गेली होती. पोर गेलं, दूध राहिलं. त्या दुधावर आयमर वाढला. सुरुवातीला गुनोरा त्याच्याकडे बघायचीच नाही. पाजायची, पुसायची, निजवायची, आणि भिंतीकडे बघत बसायची. पण तिसऱ्या महिन्यात एकदा दूध पिता पिता तो थांबला, तिच्याकडे बघून हसला आणि पुन्हा प्यायला लागला. जणू म्हणाला, चालू दे तुझं, मी आहे इथं. त्यानंतर मात्र काही खरं नव्हतं.

धाकट्याचं सगळंच दुसऱ्या हातचं. गिलबर्टचे, म्हणजे थोरल्या भावाचे, अंगरखे कापून, दुमडून आयमरला यायचे. गिलबर्टचा लाकडी घोडा तीन पायांचा झाल्यावर आयमरचा झाला. थोरल्याच्या खोलीत मधमाश्यांच्या मेणाच्या बत्त्या जळायच्या, धाकट्याच्या खोलीत चरबीच्या. त्यांचा वास इतका की आयमरला वाटायचं अंधार पडला की सगळ्या जगालाच बोकडाचा वास येतो. राजानं त्याला आजवर पाच वेळा बघितलं होतं. गुनोरानं बोटांवर मोजलेलं. त्यातल्या एका वेळी तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून "बरा आहेस ना, गिलबर्ट?" असंच विचारलं होतं. आयमर म्हणाला होता, "बरा आहे महाराज, आणि आयमरपण बरा आहे." खोलीबाहेर आल्यावर गुनोराला विचारतो, "बरोबर बोललो ना? त्यांना उगाच ओशाळल्यासारखं व्हायला नको."

असं ते पोर. किल्ल्यातल्या सगळ्या हंसांना त्यानं नावं दिलेली, आणि त्यातला एक ताटात आला तर त्या दिवशी तो नुसता पाव खायचा.

तर आता त्याला सात पूर्ण झाली होती. राजांची मुलं सातव्या वर्षी बायकांच्या हातातून निघतात आणि पुरुषांच्या हातात जातात, ही रीतच आहे. गिलबर्ट तीन वर्षांपूर्वीच गेला होता, पण तो याच किल्ल्यात, वरच्या मजल्यावर. राज्य त्याला इथूनच करायचं होतं. धाकट्याला कुठं ठेवलं तरी चालण्यासारखं होतं, म्हणून त्याला उत्तरेच्या एका सरदाराकडे धाडायचं ठरलं. तिथं तो मोठ्यांच्या पंगतीला वाढायला, घोड्यावर बसायला, तलवार धरायला शिकणार होता. बारा दिवसांची वाट. न्यायला सर ओडो आला होता, केसाळ हातांचा आणि मुलांची भीती वाटणारा एक भला माणूस. उद्या सकाळची प्रार्थना झाली की निघायचं.

आणि गुनोराचा नवस अजून फिटला नव्हता.

नऊ महिन्यांपूर्वी, हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात, दोन्ही भावांना एकदम ताप आला होता. दोघांना एकाच खोलीत ठेवलं होतं. आपल्याकडे आजारी माणसाला टाळूपासून टाचेपर्यंत दोऱ्यानं मापतात, बरा झाला तर तोच दोरा वात करून त्याच्या उंचीची मेणबत्ती संताला वाहीन असं बोलतात. गिलबर्टला त्याच्या दाईनं, सिबिलानं, मापलं. पाद्री, कारभारी, सगळे भोवती उभे होते. मग सगळे गेल्यावर गुनोरानं आयमरला मापलं. एकटीनं. पोर इतकं तापलं होतं की दोरा गरम झाला. "ओस्वेनामाय," ती डोंगरावरच्या संतिणीला म्हणाली, "याच्याकडे बघायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून मी बोलते. एवढी मेणबत्ती तुझी. शुद्ध मेणाची."

दोघंही बरे झाले. गिलबर्टची मेणबत्ती डोंगरावरच्या मठात वाजतगाजत गेली. स्वतः राजा अनवाणी चालत गेला, चाळीस भिक्षू गात होते. आयमर त्या दिवशी गुनोराच्या कडेवरून तो सोहळा बघत होता. आणि गुनोरा मनात म्हणत होती, थांब माये, तुझं देणं मी विसरले नाही.

पण शुद्ध मेण आणायचं कुठून? दर शनिवारी देवळाची फरशी पुसताना तिनं सुरीच्या टोकानं मेणाचे थेंब खरवडले. खालच्या गावात मधमाश्या पाळणारी एक विधवा होती, तिला सदरा शिवून देऊन मुठीएवढा गोळा मिळवला. असं करता करता नऊ महिने गेले, तेव्हा कुठं एक फडकंभर मेण जमलं. आणि पोर तर उद्या चाललं. नवस डोक्यावर ठेवून बारा दिवसांच्या वाटेला लेकरू पाठवायचं? नद्या आहेत, लांडगे आहेत. संत एकदा दिलेलं परत मागून घेतात, हे तर कुणीही सांगेल.

म्हणून उजाडताच ती फडकं काखेत आणि आयमर बोटाला घेऊन मेणघरात गेली. किल्ल्याच्या सगळ्या मेणबत्त्या तिथं व्हायच्या आणि त्या करणाऱ्याचं नाव हॅमो. जाड, टकला, हाताच्या बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा.

"अरे वा, गुनोरा! आज इकडची वाट कशी सापडली? मी तर समजत होतो तुला चरबीवाल्यांचा विटाळ होतो."

"जीभ आवर आणि कढई तापव. माझ्याकडे वेळ नाही."

"नमस्कार, धाकटे राजे," हॅमो वाकून म्हणाला. "तुमची दाई रोज अशीच प्रेमळ असते का?"

"आज थोडी जास्त आहे," आयमर म्हणाला. "ती सकाळी दोनदा रडली, आणि मी बघितलं नाही असं मी तिला सांगितलंय."

गुनोरानं फडकं सोडलं, आणि पोलक्यातून घडी केलेला दोरा काढला. नवस काय, केव्हाचा, सगळं दोन वाक्यांत सांगून टाकलं. हॅमोनं दोरा हातात घेऊन ताणला, आयमरकडे बघितलं, पुन्हा दोऱ्याकडे बघितलं. तीस वर्षं वाती कापणारा माणूस. त्याच्या डोळ्यांतच गज होता.

"हा ह्यांचा?"

"मग काय माझा?"

"धाकटे राजे, जरा ह्या बाकावर आडवे व्हा बघू."

आयमर आनंदानं आडवा झाला. हॅमोनं दोऱ्याचं एक टोक टाळूला लावलं, दुसरं टाचेकडे नेलं. दोरा टाचेच्या पुढं चांगला वीतभर लोंबला.

"नीट लाव," गुनोरा म्हणाली.

"नीटच लावलंय."

"मग उलट्या बाजूनं लाव."

उलट्या बाजूनंही वीतभरच. गुनोराचं तोंड मेणासारखं पांढरं झालं. नऊ महिन्यांत पोर वाढतं, आटत नाही. तिच्या आजोळी, ओढ्यापलीकडे, एका बाईचं मूल असंच आटत गेलं होतं म्हणतात. पऱ्यांनी खरं मूल नेलं आणि पाळण्यात दुसरंच ठेवलं. तिनं आयमरचा कान धरून मागं बघितलं. कानामागचा तीळ जागच्या जागी होता. तिच्या जिवात थोडा जीव आला, पण थोडाच.

"मी लहान झालो?" आयमर उठून बसला. त्याचे डोळे चमकत होते. "गुन्नी, मग मला सात झालीच नसतील! मग उद्या जायलाच नको!"

"गप रे सोन्या. हॅमो, बोल ना काहीतरी!"

हॅमो मेणाच्या पालथ्या टोपावर बसला होता. त्याच्या टकलावर घाम होता.

"थोरल्या राजांची मेणबत्ती मी केली," तो हळूच म्हणाला. "पाद्रीबाबांनी दोरा आणून दिला. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाबा, एवढी आखूड? थोरले राजे तर माझ्या छातीला लागतात. तर म्हणाले, तू मेणाचं बघ, मोजायचं काम देवाच्या माणसांचं. मग मी जाड केली. आखूड म्हणून जाड केली. मेण उरलं म्हणून कारभारीसाहेबांनी शाबासकी दिली मला." त्यानं मान वर केली. "गुनोरा, तू तुझा दोरा कुठं ठेवला होतास?"

गुनोराला ती खोली दिसली. दोन खाटा, एक शेगडी, धूर. खिडकीशेजारी एक खिळा, आणि त्यावर सिबिलानं लटकवलेला दोरा. दुसरा खिळा नव्हता. मग तिनं आपलाही तिथंच अडकवला होता. पहाटे पाद्री आला, खोकत खोकत हात घातला, आणि वरचा दोरा घेऊन गेला. वरचा. म्हणजे नंतर लटकवलेला.

"अगं बाई," ती खालीच बसली.

"म्हणजे काय झालं?" आयमरनं विचारलं.

सांगावं की नाही, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. पण याच्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आता शेवटच्या दिवशी कुठं सुरुवात करणार.

"म्हणजे डोंगरावर जी मोठी मेणबत्ती गेली ना, तिच्या पोटातली वात तुझ्या मापाची होती."

"कुठली? ती, गाणी म्हणत नेली ती?"

"तीच."

"महाराज अनवाणी गेले होते ती?"

"हो."

"चिखल होता त्या दिवशी," आयमर म्हणाला. त्याला सगळं आठवत होतं. "महाराजांच्या पायाला काटा लागला होता आणि ते थांबले नव्हते. आणि आत गेल्यावर खूप वेळ गुडघे टेकून बसले होते. तू म्हणाली होतीस, बघ, मुलावर जीव असला की राजासुद्धा कसा वाकतो." तो बाकावरून खाली उतरला. "आणि दोरा माझा होता?"

"तुझाच, बाळा."

आधी त्याच्या ओठांचं टोक हललं. मग तो हसायला लागला, आणि इतका हसला की त्याला उचकी लागली, आणि उचकी लागली म्हणून हॅमो हसला. गुनोराला मात्र हसूही येत होतं आणि नाकही ओढावं लागत होतं. नवस फिटला होता! नऊ महिने फरशी खरवडून तिची बोटं सोलली, आणि मायनं आपलं देणं कधीच घेऊन टाकलं होतं, तेही राजाच्या हातून, चाळीस भिक्षूंच्या गाण्यासकट.

तेवढ्यात बाहेर चौकातून खोकल्याचा आवाज आला. गिलबर्ट घोड्यावर बसायला शिकत होता. कापणी संपल्यापासून त्याला तो खोकला होता, कोरडा, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. तिघांनीही तो ऐकला.

हॅमो उठला, दार लोटून आला. "हे बघ गुनोरा. मी काही बघितलं नाही, तू काही मोजलं नाहीस. पाद्रीबाबांनी चूक केली असं माझ्या तोंडून निघालं तर माझी जागा उद्या दुसऱ्याची. आणि थोरल्या राजांची काळजी करायला सगळा देश आहे. तुझ्या पोराचं झालं ना? झालं तर मग."

गुनोरा मान हलवणार होती. खरंच हलवणार होती. तिच्याजवळ एक दिवस उरला होता, तो तिला पोराला मांडीवर घेऊन बसण्यात घालवायचा होता. सिबिलानं सात वर्षांत तिला एकदाही शेगडीजवळ जागा दिली नव्हती. तिच्या धन्याच्या नवसाचं ओझं आपण का उचलायचं?

"पण गुन्नी," आयमर म्हणाला, "गिलबर्टचं तर कुणीच दिलं नाही."

"त्याचं बघतील बाळा."

"कोण बघणार? सगळ्यांना वाटतं त्याचं झालंय." तो हे सावकाश, एकेक पायरी उतरल्यासारखं बोलला. "माझ्या वेळी सगळ्यांना माहीत होतं की कुणी केलं नाही, म्हणून तू केलंस. त्याच्या वेळी सगळ्यांना वाटतं केलंय. म्हणजे आता तर कधीच कुणी करणार नाही."

हॅमोनं गुनोराकडे बघितलं. गुनोरानं हॅमोकडे. मग हॅमो शिव्या देत कढईखाली लाकडं सारायला लागला.

"तुझं फडकंभर मेण ह्या दोऱ्याला पुरायचं नाही," तो म्हणाला. "वीतभर जास्त लागणार. माझ्या कपाटाची किल्ली कारभाऱ्याकडे. बुडखी कुणाकडे आहेत, तुला माहीत आहे."

माहीत होतं. थोरल्याच्या खोलीतल्या मेणबत्त्या जळून उरलेली बुडखी त्याच्या दाईची, हा हक्क जुना आहे. गिलबर्ट वर गेला तरी सिबिलानं तो सोडला नव्हता. आयमरला कढईशी बसवून गुनोरा तिच्या दारात गेली.

सिबिला खिडकीत बसून पेर सोलत होती. तीन किल्ल्या कमरेला, त्यातल्या दोन कुठल्याच कुलपाच्या नव्हत्या असं लोक म्हणत.

"ये बाई ये. धाकट्याचं बोचकं बांधून झालं? एवढंसं तर असेल."

"तुझी बुडखी हवीत."

सुरी थांबली. "काय हवंय?"

"मेणाची बुडखी. सगळी नकोत, अर्धी."

"अगं, माझ्या लेकीच्या लग्नाला ठेवलीत ती! काय पण मागणं. उद्या म्हणशील, तुझे दात दे, माझे झिजले."

"तुझे दात ठेव तुला. दार लावू का?"

"लाव की उघडं ठेव, बुडखी मिळायची नाहीत."

गुनोरानं दार लावलं आणि सांगितलं. खिळा, दोन दोरे, वीतभर फरक. सिबिला आधी लाल झाली.

"माझ्या खिळ्यावर तू लटकवलाच का?"

"दुसरा खिळा होता कुठं? तुझ्या पोराला खाट खिडकीशी, शेगडी जवळ, खिळा हाताशी. माझ्याला दार आणि वारा."

"म्हणजे तू मुद्दाम केलंस!"

"मुद्दाम केलं असतं तर आज तोंड उचलून सांगायला आले असते का, बये? गप्प बसले असते. उद्या माझं पोर जातंय, माझा काय संबंध?"

खालून पुन्हा खोकला ऐकू आला. एकदा, आणि मग थांबत थांबत चार वेळा. सिबिलाच्या हातातलं पेर तिच्या मांडीवर पडलं. अचानक ती म्हातारी दिसायला लागली. तिनंही त्या पोराला दूध पाजलं होतं, हे गुनोरा इतक्या वर्षांत विसरूनच गेली होती.

"रोज पहाटे जास्त येतो," सिबिला म्हणाली. "मी वर जाऊ शकत नाही आता. जिन्याखाली उभी राहते आणि ऐकते. वैद्य म्हणतो धुळीचा आहे."

"धुळीचाही असेल. पण देणं देऊन टाकू."

सिबिलानं पेटी ओढली, कुलूप काढलं, आणि अर्धी नाही, सगळी बुडखी गुनोराच्या ओच्यात ओतली. मग पेटीत हात फिरवून कोपऱ्यातलं एक राहिलेलं काढलं, तेही टाकलं.

"लग्नाला काय करशील?"

"दिवसाउजेडी करीन, दुपारचं. मला येता यायचं नाही गं, चौकीवर विचारतील. तू मायला सांग... सांग की सिबिलानं दोरा नीट बघितला नाही. मला कमरेत वाकायला होत नव्हतं, म्हणून मी उठून बघितलं नाही. एवढंच."

"सांगते."

"आणि धाकट्याला हे." तिनं सोललेली पेरं फडक्यात बांधून दिली.

हॅमोनं दोरा दोन आकड्यांमध्ये ताणला आणि पळीनं मेण सोडायला सुरुवात केली. एक थर, गार होऊ दे, दुसरा थर. आयमर पेर खात बघत होता आणि हजार प्रश्न विचारत होता. मधमाशीला कळतं का की तिचं घर जळतंय. राजाची मेणबत्ती मेंढपाळाच्या मेणबत्तीपेक्षा हळू जळते का. शेवटी हॅमो म्हणाला, "धाकटे राजे, तोंड तेवढं चाललंय, जरा हातही चालू द्या." ओल्या फळीवर मेणबत्ती लाटायला त्यानं आयमरला दिली. भाकरी लाटावी तसं पोर जीव लावून लाटत होतं. मधे एके ठिकाणी त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला. हॅमो तो पुसणार होता; गुनोरानं नुसती मान हलवली, आणि त्यानं राहू दिला. मेण कोमट असतानाच त्यांनी मेणबत्तीचं वेटोळं केलं, आणि दुपारच्या घंटेआधी दोघं डोंगराकडे निघाली. सर ओडोला गुनोरानं सांगितलं, की निघण्याआधी पोराला संतिणीच्या पायांवर घालून आणते. त्याला इतकं हायसं वाटलं, की त्यानं कधी येणार हेही विचारलं नाही.

दीड कोसाची वाट. आयमर सगळी स्वतः चालला, वेटोळं दोन्ही हातांत धरून.

मठात दुपारी कुणी नव्हतं. ओस्वेनामायच्या समाधीपाशी ब्रदर लेफ्रिक झोपाळलेला बसला होता. दिवे लावणं, राख काढणं, नावं विचारणं हे त्याचं काम. त्यानं गुनोराकडे बघितलं, पोराच्या अंगावरच्या कापडाकडे बघितलं आणि उभा राहिला.

"कुणासाठी?"

"गिलबर्टसाठी," आयमर म्हणाला.

"कोण गिलबर्ट?"

"महाराजांचा. थोरला."

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "त्यांची तर झाली की! केवढी मोठी झाली. मी स्वतः लावली. अकरा दिवस जळली."

मेणबत्ती परत गेली, किंवा प्रश्न निघाले आणि वरपर्यंत गेले, तर सगळंच संपलं. गुनोरा काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आयमर म्हणाला, "ही त्याच्या भावाकडून आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. ब्रदर लेफ्रिकनं थोडा विचार केला. मग त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू पसरलं. "भावाकडून," तो म्हणाला. "चाळीस वर्षं बसलोय इथं. भावाकडून पहिल्यांदाच आली." त्यानं वेटोळ्याचं टोक सोडलं, वात वर काढली. "आणि तुमच्यासाठी काही, छोटे धनी? लांब जाताय असं ऐकलं."

"माझी झाली," आयमर म्हणाला, आणि चटकन गुनोराकडे बघून खालचा ओठ दातांत धरला, कारण त्याला पुन्हा हसू येत होतं.

मेणबत्ती पेटली. बोकडाचा वास नाही, काही नाही. मधाचा, गवताचा, उन्हाळ्याचा. आयमर गुडघे टेकून बसला आणि संतिणीशी बोलायला लागला. हळू बोलतो असं त्याला वाटत होतं, पण गुनोराला सगळं ऐकू येत होतं.

"हा गिलबर्ट. उंच आहे, पुढचा दात अर्धा तुटलाय, घोड्यावरून पडला होता. ह्याचं देणं उशिरा आलं, पण चूक त्याची नाही. सिबिलाला वाकता येत नाही. पाद्रीबाबांनाही दिसलं नसेल, धूर होता. खिळा एकच होता. तू रागावू नकोस. त्याचा खोकला घे. आणि त्याला राजा व्हायचंय, तर तोवर त्याच्याशी खेळायला कुणीतरी दे, कारण मी उद्यापासून नाही."

मग जरा थांबून, "गुन्नीलापण."

गुनोरा खांबाआड गेली. खांब थंड होता, तिनं त्याला कपाळ लावून ठेवलं.

परतताना ऊन उतरणीला लागलं होतं. शेतं कापून झालेली, पिवळी, मोकळी. आयमर पहिला अर्धा कोस झपझप चालला. मग त्याच्या चालीत पेंग यायला लागली, एक पाय दुसऱ्याला अडू लागला.

"घेऊ का?" गुनोरानं विचारलं.

"नको. मला सात झालीत. सर ओडो म्हणाले, आता उचलून घ्यायचं नसतं."

"बरं."

तो आणखी थोडा चालला. रस्त्यात कुणी नव्हतं, कुंपणावर एक कावळा तेवढा होता.

"गिरणीपर्यंत कुणी भेटत नाही ना या वाटेला?"

"या वेळेला नाही भेटत."

"मग गिरणीपर्यंत घे. गिरणी आली की मी उतरीन."

तिनं त्याला उचललं. केवढा जड झाला होता! आखूड म्हणे. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांना लागत होते, आणि डोकं बरोबर त्याच जागी, तिच्या गळ्याच्या खोबणीत, जिथं पहिल्या दिवशी होतं. त्याच्या केसांना मेणाचा वास येत होता. थोड्या वेळानं त्याचा श्वास लांब झाला.

ओढा आला, गिरणीचं चाक घरघरत होतं. गिरणीवाला दारात पीठ झटकत उभा होता, त्यानं दोघांना बघितलं आणि तोंड उघडलं. गुनोरानं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ते गुपचूप मिटून घेतलं.

गिरणी मागं पडली. आयमर झोपला नव्हता. त्याची बोटं तिच्या ओढणीची कड चाळवत होती. पण गिरणी आली का, असं त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.